यादीत वीसच मावतात

फोन साहेबांच्याही आधीचा, दुधी रंगाचा.
चांदणीचं बटण तेवढं काळं पडलंय, माझ्या बोटानं.

लोकेश नगरारे आला होता वायरी पाहायला,
तोंडात खर्रा, म्हणून बोलला कमी:
"चांदणी, सहा, शून्य. मग नंबर. मग जाळी.
इतकंच आहे, ताई. वीस मावतात.
एकविसावा आला की एक जुना काढा."
आणि गेला खिडकीकडे, थुंकायला.

तेव्हापासून रामदासपेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
मी बसल्या जागी माणसांचे आवाज बंद करते.
पगारात हे काम धरलेलं नाही.

पहिला गेला प्लॉटवाला.
वर्धा रोडला लागून, म्हणे, विमानतळ दिसतं तिथून.
खरंच दिसतं का, विचारलं,
तर म्हणाला, विमान तर दिसतं ना जी.
मग कर्जवाली. मग दातांच्या विम्याचा.
चौथी बाईच नव्हती, नुसती टेप होती,
तिला मी दोनदा "थांबा हो" म्हणाले.
सातव्याला शब्दच नव्हते, फक्त श्वास.
तो यादीतून कधी निघणार नाही. ती जागा त्याची.

"कोण होतं?" बारापात्रे साहेब आतून विचारतात.
"कोणी नाही."
हे मला बिनचूक म्हणता येतं,
कारण सव्वादोन वर्षं मी तेच होते:
आयटी पार्कजवळ, तळघरात, कानाला हेडफोन,
नाव काव्या. तिथं सगळ्यांची नावं दोन अक्षरी.
मंदाकिनी गिऱ्हाइकाच्या कानात मावत नाही, म्हणाले.

भिंतीवर फळा होता.
समोरच्यानं शेवटपर्यंत ऐकलं, तर बरोबरची खूण.
मध्येच ठेवला, शून्य.
सतत व्यस्त, तेही शून्य, आणि जेवायला पंधराच मिनिटं.
पलीकडे कुणी चांदणी दाबली हे आम्हाला कळायचं नाही.
वाटायचं, बोलून राहिला असेल माणूस कुणाशी.
मला तर हेवा वाटे,
काही लोकांना दिवसभर बोलायला कुणीतरी असतं.

काल दुपारी तीनला, कूलरचा पंप बंद,
वाळ्याच्या ताट्या करकरीत कोरड्या,
फोन वाजला.
"नमस्कार मॅडम, मी रिया बोलते,"
आणि 'बोलते'च्या पुढे एक गिळलेला श्वास.
ओळखते मी तो.
कागदावर तिथं स्वल्पविराम आहे.
"आपलं एक मिनिट घेऊ शकते का?"
खरं तर साडेतीन लागतात.

घे, म्हणाले.
आणि पोरगी चुकली.
'घे'च्या पुढचं पान तिनं कधी उघडलंच नसावं.
कागद उलटल्याचा आवाज आला, मग परत उलटल्याचा.
"सावकाश," मी म्हणाले. "खालून तिसरी ओळ. व्याजदर."
बराच वेळ काहीच नाही.
मग अगदी हळू, कागदाबाहेरचं:
"ताई, तुम्ही कोणत्या बॅचच्या?"

सांगणार होते. साहेब दारात उभे होते,
हातात कुणाचं तरी रिटर्न, चष्मा कपाळावर.
"वाच पुढे," म्हणाले फक्त.
तिनं वाचलं, अटी-शर्तींसकट,
शेवटच्या धन्यवादापर्यंत.
"नको आहे जी," मी म्हणाले.
खूण मिळाली असेल तिला.

"टाका तो नंबर," साहेब म्हणाले,
आणि तिथंच उभे राहिले.

चांदणी. सहा. शून्य.
तिचे दहा आकडे.
फोन म्हणाला, जागा नाही.
मग विमानवाल्याला सोडला,
आणि जाळी दाबली.

आज सकाळी त्याचा आलाच.
विमान अजून दिसतं, म्हणाला. दोन दिसतात आता.

आणि तीन वाजता, कुठल्याशा तळघरात,
रियाच्या कानात टूं टूं वाजलं असेल,
आणि वाटलं असेल तिला,
बोलून राहिली असेल ताई
कुणाशी.